चार बंद इंजिनं आणि काचेची चिक्की

२४ जून १९८२ ची रात्र. लंडनहून ऑकलंडला निघालेलं ब्रिटिश एअरवेजचं जम्बो जेट मुंबई, मद्रास, क्वालालंपूर करत पर्थकडे चाललं होतं. जावा बेटाच्या दक्षिणेला, ३७,००० फुटांवर, कॉकपिटच्या काचेवर ठिणग्या नाचायला लागल्या. असा प्रकाश वादळी ढगांपाशी दिसतो, पण रडारवर ढगाचा मागमूस नव्हता. केबिनमध्ये धूर भरायला लागला, गंधकाचा वास येऊ लागला. आधी चौथं इंजिन बंद पडलं आणि दोन मिनिटांच्या आत उरलेली तिन्ही.

विमानात २४८ प्रवासी आणि १५ कर्मचारी होते. कॅप्टन एरिक मूडी यांनी प्रवाशांना जे सांगितलं ते ब्रिटिश वळणाचंच: एक छोटीशी अडचण आहे, चारही इंजिनं बंद पडलीत, ती सुरू करायचा आम्ही आटोकाट प्रयत्न करतोय.

इंजिनं बंद पडली म्हणजे विमान दगडासारखं खाली येतं असं नाही. ते तरंगत उतरतं. जम्बो एक किलोमीटर खाली येईपर्यंत साधारण पंधरा किलोमीटर पुढे जातं. पण विमान आता जकार्ताकडे वळलं होतं, आणि वाटेत जावाचे डोंगर होते. पुरेशी उंची उरली नाही, तर मागे वळून रात्रीच्या समुद्रात उतरायचं, असं मूडींनी मनाशी पक्कं केलं होतं.

सहवैमानिक रॉजर ग्रीव्ह्ज आणि फ्लाइट इंजिनिअर बॅरी टाउनली-फ्रीमन इंजिन सुरू करायची ठरलेली कृती पुन्हा पुन्हा करत होते. त्यासाठी वेग विशिष्ट मर्यादेत हवा. पण दोघा वैमानिकांचे वेगमापक वेगवेगळे आकडे दाखवत होते. खरा कुठला? मूडींनी वेग कमी-जास्त करत नेला, म्हणजे कधीतरी तो योग्य जागी येईलच. त्यातच ग्रीव्ह्ज यांचा ऑक्सिजन मास्क निसटून तुटला, आणि त्यांना श्वास घेता यावा म्हणून विमान झपाट्यानं खाली आणावं लागलं.

साधारण १३,५०० फुटांवर चौथं इंजिन गुरगुरलं आणि चालू झालं. मागोमाग बाकीचीही.

कारण नंतर कळलं. पश्चिम जावातला गालुंगुंग ज्वालामुखी तेव्हा धुमसत होता आणि विमान त्याच्या राखेच्या ढगात शिरलं होतं. हवामान रडार पाण्याचे थेंब टिपतं. ही राख कोरडी, म्हणून पडद्यावर काही उमटलं नाही. नावाला राख, प्रत्यक्षात खडकाचा आणि काचेचा भुगा. इंजिनाच्या ज्वलनकक्षात तो वितळला आणि पुढच्या पात्यांवर चिकटून बसला. हवेची वाट चोंदली, ज्वाळा विझली.

मग सुरू कशी झाली? चिक्कीचा पाक गरम असताना कालथ्याला सोडत नाही, पण थंड झाला की टकटक करताच तुकडे पडतात. तसंच इथे झालं. विझलेली इंजिनं थंड झाली, काचेचा थर ठिसूळ झाला आणि बराचसा निखळून पडला. विमानही तोवर राखेखाली, स्वच्छ हवेत आलं होतं. इंजिनं चालू राहिली असती, तर पाक साचतच गेला असता. कॉकपिटमध्ये यातलं काहीच ठाऊक नव्हतं. ते फक्त यादीतली कृती न कंटाळता करत राहिले. आज जगभर ज्वालामुखीच्या राखेचे इशारे देणारी नऊ केंद्रं आहेत.

पण विमान अजून हवेतच होतं. वर चढताच ठिणग्या पुन्हा दिसल्या, दोन नंबरचं इंजिन धडधडायला लागलं आणि ते बंद करावं लागलं. तीन इंजिनांवर जकार्ता गाठलं, तर समोरच्या काचा राखेनं घासून दुधी झालेल्या. काचेच्या कडेच्या पट्टीतूनच काय ते धावपट्टीचे दिवे दिसत. उतरण्याचा कोन दाखवणारी विमानतळाची यंत्रणाही बंद! ग्रीव्ह्ज अंतर बघून आता उंची किती हवी ते सांगत गेले, आणि मूडींनी तेवढ्यावर विमान टेकवलं. जमिनीवर मात्र पार्किंगच्या प्रखर दिव्यांनी त्या काचा अशा उजळल्या, की पुढचं काहीच दिसेना. शेवटी ट्रॅक्टर येईपर्यंत तिथेच थांबावं लागलं.