मचाणावरची रात्र आणि बसण्याचं शास्त्र

बुद्धपौर्णिमेची रात्र, सातपुड्याच्या पायथ्याचा एक पाणवठा आणि घड्याळात सव्वादोन. सांबराची मादी झाडीतून बाहेर आली, थांबली, कान फिरवले, पुन्हा दोन पावलं पुढे आली. ती पाण्याला तोंड लावणार तोच माझ्या डाव्या पायातल्या मुंग्या सोसवेनाशा झाल्या. मी पाय जेमतेम वीतभर सरकवला. खालचा बांबू करकरला. सांबराने एकदाच मोठ्याने इशारा दिला आणि ती अंधारात नाहीशी झाली. त्यानंतर दीड तास पाणवठ्यावर कुणी फिरकलं नाही.

दोष सांबराचा नव्हता, माझ्या चिकाटीचाही नव्हता. दोष बैठकीचा होता. त्या रात्रीपासून मी मचाणाकडे फळ्या-बांबूंचा सांगाडा म्हणून बघणं सोडलं. माणसाला सहा-आठ तास न हलता बसता यावं यासाठीचं ते साधन आहे. उंची, मजबुती, आडोसा या गोष्टी लागतातच, पण शरीर गप्प राहिलं नाही तर त्यांचा काही उपयोग होत नाही.

मचाण मुळात शिकाऱ्यांचं. १८२५ साली खानदेशात भिल्ल पलटण उभी करणारा जेम्स औट्रम वाघाच्या शिकारीसाठीही प्रसिद्ध होता, यावरून इथे तेव्हा वाघ किती असतील याची कल्पना येते. पुढे १९७२ चा वन्यजीव संरक्षण कायदा आला, १९९१ च्या दुरुस्तीने परवान्यावरची शिकारही संपली, आणि ते योग्यच झालं. मचाण मात्र राहिलं. यावल अभयारण्यासारख्या जंगलात वैशाखी पौर्णिमेला पाणवठ्यावरचे प्राणी मोजायला लोक मचाणावर बसतात. रावेर-यावल पट्ट्यात रानडुकरांपासून पीक राखायला शेतकरी जागल करतात. दादर, म्हणजे रब्बी ज्वारी, निसवली की गोफण घेऊन पाखरं हाकलणाराही उंचावरच उभा राहतो.

अमेरिकेत हरणांची शिकार कायदेशीर आहे, त्यामुळे झाडावरच्या बैठकीवर तिथे आजही काम चालतं. तिला ट्री स्टँड म्हणतात. धनुष्यबाणाने शिकार करणाऱ्याला हरीण वीस-तीस मीटरच्या आत यावं लागतं, म्हणजे त्याला तासन्‌तास पुतळ्यासारखं बसावं लागतं. त्याची अडचण आणि माझी अडचण एकच. त्याच्या हातात बाण, माझ्या हातात वही, एवढाच फरक.

आधी मुंग्या का येतात ते पाहू. बसल्यावर शरीराचं बहुतेक वजन नितंबांतल्या दोन हाडांवर येतं. पाय लटकते असतील तर मांड्यांचा मागचा भागही बैठकीच्या कडेवर दाबला जातो. समजा माणूस ६० किलोचा आहे, पाय अधांतरी आहेत आणि फळीला त्याचा ६०० चौरस सेंटिमीटर भाग टेकला आहे. सरासरी दाब निघतो साधारण ७४ मिलिमीटर पारा, रक्तदाब मोजतात त्याच मापात. सर्वांत बारीक रक्तवाहिन्यांत, म्हणजे केशवाहिन्यांत, रक्त शिरतं तेव्हा त्याचा दाब सुमारे ३२ मिलिमीटर असतो. बाहेरचा दाब याच्याहून बराच जास्त झाला की त्या भागात रक्त पोचायला अडचण येते. हाडांच्या टोकांखाली तर दाब सरासरीपेक्षा कितीतरी जास्त असतो. शिवाय मांडीच्या मागून जाणारी नस कडेवर चेपली जाते. बधिरपणा आणि मुंग्या या दोन्हींचा परिणाम आहेत. शरीर आपल्याला सांगत असतं, हल.

हाच माणूस सुतळीच्या खाटेवर बसला तर? विणकाम त्याच्या वजनाने खोलगट होतं, त्याच्या आकाराचं होतं, आणि टेकणारा भाग दुप्पट झाला असं धरलं तरी सरासरी दाब ३७ मिलिमीटरवर येतो. वजन तेच, माणूस तोच, दाब निम्मा. विणीच्या फटींतून खालून वाराही लागतो. मे महिन्यात जळगाव-भुसावळकडे पारा ४५ अंशांच्या वर जातो, आणि सूर्य मावळल्यावरही अंगाचा घाम लवकर हटत नाही. अशा वेळी रबराच्या जाड गादीपेक्षा विणलेली बैठक कितीतरी बरी. ओलसर, तापलेली कातडी दाबाखाली लवकर हुळहुळते.

पूर्वीचे शिकारी झाडावर सरळ खाटच बांधत. मला ती नुसती सोय वाटायची. हिशेब मांडल्यावर कळलं की बसण्याचा अर्धा प्रश्न खाटेने कधीच सोडवलेला आहे. आता मी सुतळीऐवजी नवार वापरतो. पट्टी रुंद असल्याने ती अंगात रुतत नाही आणि सुतळीसारखी कुरकुरत नाही.

उरलेल्या अर्ध्या प्रश्नातला सगळ्यात मोठा वाटा पायांचा. आमच्याकडच्या एका म्हाताऱ्या जागल्याला मी एकदा विचारलं होतं, आबा, तुम्हाला रात्रभर बसवतं कसं? ते म्हणाले, "पाय टेकाले काही पायजे भाऊ, नही ते रात सरत नही." त्यांच्या माळ्याच्या, म्हणजे शेतातल्या मचाणाच्या, पुढच्या बाजूला, खाली, एक आडवा बांबू बांधलेला होता. पाय टेकले की त्यांचं वजन तिथे जातं, मांडी कडेवरून किंचित उचलली जाते आणि गुडघ्यामागच्या रक्तवाहिन्या मोकळ्या राहतात. आडवा बांबू बैठकीच्या खाली ४० ते ४५ सेंटिमीटरवर असावा, म्हणजे बसणाऱ्याच्या टाचेपासून गुडघ्यामागच्या खोबणीपर्यंतच्या उंचीएवढा. बुटका माणूस उंच माणसासाठी बांधलेल्या मचाणावर बसला की हमखास अवघडतो, म्हणून हा बांबू वर-खाली करता येईल असाच बांधावा. बैठकीची पुढची कड गोल हवी. चौकोनी फळीची धार रात्रभर नस कापत बसते.

इथे परदेशी नमुना जसाच्या तसा उचलता येत नाही. तिकडची बैठक खुर्चीसारखी, ४० सेंटिमीटरच्या आसपास खोल. आपण मांडी घालणारी माणसं. तीन तास पाय खाली सोडून बसल्यावर आपल्याला मांडी घालाविशी वाटते, मग एक पाय पोटाशी घ्यावासा वाटतो. आसन बदलणं हाच तर खरा इलाज आहे, कारण कितीही मऊ बैठक असली तरी एकाच जागी सतत दाब नको. मांडीसाठी ७० सेंटिमीटर तरी खोली लागते. पण एवढ्या खोल बैठकीवर पाय खाली सोडले की पाठ खोडाला टेकत नाही आणि कंबर धरते. यावर मला सापडलेला उपाय अगदी घरगुती आहे. गोधडीची घट्ट गुंडाळी करून कमरेमागे ठेवायची. पाय सोडून बसायचं तेव्हा गुंडाळी मागे, मांडी घालायची तेव्हा ती बाजूला. बैठक एक, आसनं दोन. गोधडीचा आवाजही होत नाही.

खोल बैठकीची किंमत मात्र झाडाला बांधलेल्या दोराला मोजावी लागते. एकाच खोडाला टेकवलेलं मचाण म्हणजे भिंतीत ठोकलेली मांडणी. वरचा दोर ते खोडाकडे ओढून धरतो, खालचा टेकू खोडावर रेटतो. माणूस सामानासकट ७५ किलोचा आणि खोडापासून ५० सेंटिमीटरवर बसलेला धरा. वरचा दोर आणि खालचा टेकू यांच्यात ५० सेंटिमीटर उभं अंतर असेल तर दोरावर आडवी ओढ ७५ किलोची. अंतर २५ वर आणलं तर ओढ १५० किलो. आता तोच माणूस उठून पुढच्या कडेला, ९० सेंटिमीटरवर उभा राहिला तर ओढ २७० किलो होते. बसून तपासलेलं मचाण उभं राहिल्यावर का सुटतं, याचं उत्तर या तरफेत आहे. म्हणून टेकू लांब हवा. दोन-चार हात बांबू जास्त लागला तर लागू द्या.

जुनं मचाण तीन-चार फांद्यांच्या बेचकीत बसवलेलं असे. त्यात ही ओढ फारशी नसते, पण तशी बेचकी हवी तिथे सापडत नाही. मग मचाण वारा बघून ठरत नाही, झाड बघून ठरतं. एका खोडाला पट्ट्याने आवळण्याची पद्धत इथे उपयोगाची आहे. ट्रकवर माल आवळायचा कडीचा रुंद पट्टा मिळतो, तो या कामाला चांगला. तार किंवा खिळा नको. झाडाचं खोड खिळ्याला वर नेत नाही, जमिनीपासून चार मीटरवर ठोकलेला खिळा वीस वर्षांनीही चार मीटरवरच असतो, पण खोड जाडीने वाढतं. तार तशीच राहिली की सालीत रुतते, पानांत तयार झालेलं अन्न मुळांकडे नेणारा सालीतला मार्ग तोडते आणि झाड हळूहळू मरतं. पट्टा काम झालं की सोडून घरी आणायचा.

झाड निवडताना सालई टाळा, लाकूड मऊ असतं. साग सरळ आणि भक्कम, पण ऐन उन्हाळ्यात उघडाबोडका, त्यावर बसलेला माणूस चांदण्यात काळ्या ठिपक्यासारखा दिसतो. नाल्याकाठचा अर्जुन किंवा करंज त्या दिवसांत हिरवा असतो. जाड खोड पाठीशी असलं की आपली आकृती त्यात मिसळून जाते. हरणांच्या डोळ्यांना लाल-नारिंगी रंग नीट ओळखता येत नाहीत, हालचाल मात्र चटकन टिपता येते. कपड्याच्या रंगावर खर्च करण्यापेक्षा बैठकीवर करावा असं मी म्हणतो ते यासाठीच.

माझ्या त्या रात्रीच्या करकरण्याचं कारण होतं ओला बांबू. तोडल्या तोडल्या बांधलेला बांबू उन्हात सुकतो, बारीक होतो आणि कालची घट्ट गाठ आज सैल पडते. मग दोन बांबू एकमेकांवर घासतात. सुकवलेला बांबू घ्यावा आणि जिथे दोन बांबू एकमेकांवर येतात तिथे मध्ये गोणपाटाची घडी ठेवून आवळावं. आठवडाभर आधी बांधलेलं मचाण बसायच्या दिवशी दुपारी पुन्हा आवळलंच पाहिजे.

उंचीबद्दल बोलायचं तर चार मीटर पुरे. जास्त उंच गेलं की वास वरून निघून जातो असं सांगतात, पण वर जाल तसं झाडाचं डोलणंही वाढतं. सगळीकडे सारख्या जाडीचा खांब धरला तरी शेंडा एक फूट हलतो तेव्हा त्याचा मध्य जेमतेम चार इंच हलतो. आणि पडण्याचा हिशेब तर फारच कडक आहे. चार मीटरवरून पडलेला माणूस एका सेकंदाच्या आत, ताशी ३२ किलोमीटर वेगाने जमिनीवर आदळतो. आठ मीटरवरून हा वेग ४५ होतो.

याच ठिकाणी आपली जुनी पद्धत कमी पडते आणि मी तिची बाजू घेणार नाही. मांड्यांना, छातीला आणि खांद्यांना धरणारा हार्नेस घातल्याशिवाय वर चढू नये. अमेरिकेतल्या शिकाऱ्यांच्या अपघातांत ट्री स्टँडवरून पडणं हे मोठं कारण आहे, आणि बरेच जण चढता-उतरताना किंवा शिडीवरून बैठकीवर पाऊल टाकताना पडतात. म्हणून दोर जमिनीपासूनच जोडलेला हवा, वर पोचल्यावर नव्हे. खोडाला बांधलेला दोर आखूड ठेवा. ७५ किलोचा माणूस एक मीटर पडून दहा सेंटिमीटरमध्ये थांबला तर अंगाला सरासरी ८२५ किलोचा झटका बसतो. ढील ३० सेंटिमीटरच असेल तर तोच झटका ३००. कमरेला नुसता दोर बांधणारे आपल्याकडे पुष्कळ आहेत. तो झटका पोटावर आणि बरगड्यांवर येतो, माणूस उलटा लटकतो. हे थांबायला हवं.

हार्नेसमध्ये लटकणंही सुरक्षित नाही. निश्चल लटकलेल्या माणसाच्या पायांत रक्त साचतं, हृदयाकडे परतणारं रक्त कमी होतं, आणि थोड्या वेळात शुद्ध हरपू शकते. त्यामुळे हार्नेसला दोराचा एक फास गुंडाळून अडकवलेला असावा. पडलात तर तो सोडून त्यात पाय रोवायचा आणि मदत येईपर्यंत पायांवर जोर देत राहायचं. खाली आवाज ऐकू जाईल इतक्या अंतरावर कुणीतरी असावं हे वेगळं सांगायला नको.

वाऱ्याचं मात्र आपल्या डोंगराळ भागात एक बरं आहे. त्याचा अंदाज बांधता येतो. दिवसा उताराची जमीन तापते आणि हवा वर चढते. सूर्य गेला की जमीन थंड पडते, तिला लागलेली हवा जड होते आणि नाल्यानाल्याने खाली वाहते. शांत रात्री पाणवठ्याच्या वरच्या बाजूला बसाल तर तुमचा वास थेट पाण्यावर उतरेल. खालच्या बाजूला बसाल तर पाणवठ्यापासून दूर जाईल. संध्याकाळी बसायच्या आधी चिमूटभर राख सोडून पाहावी, पण सूर्य मावळल्यावर अर्ध्या तासाने पुन्हा सोडावी. दिशा पालटते ती त्याच सुमारास.

पुढच्या वैशाखात मी एका जुन्या खाटेचे पाय कापून तिची चौकट तीन फुटांवर आणली. नव्याने नवार विणली, पुढची कड गोल तासली, खाली पायाचा बांबू, कोपराच्या उंचीवर एक आडवा बांबू, मागे गोधडी. पट्टा करंजाच्या खोडाला, टेकू पाऊण मीटर खाली, हार्नेसचा दोर डोक्याच्या वर बांधलेला. रात्री तीनच्या सुमारास सांबराची एक मादी आणि तिचं पिल्लू आलं. पिल्लू पुढच्या पायांनी पाण्यात उतरलं, त्याने मान वर केली आणि सरळ माझ्या दिशेने पाहिलं. मी पाय टेकवून बसलो होतो. दोघं अकरा मिनिटं पाण्यावर होती.