दोर तुटतो तेव्हा कावळा ओरडू नये

चौथीतले एखादे मूल इंग्रजी वाक्य न अडखळता वाचून दाखवते. पण ‘म्हणजे काय झालं?’ असे विचारले, की गप्प होते. या गप्प होण्याचा उलगडा गफ आणि टनमर या संशोधकांनी १९८६ मध्ये एका गुणाकाराने केला. वाचनाचे आकलन म्हणजे छापील शब्द ओळखता येणे गुणिले ती भाषा ऐकून समजणे, आणि गुणाकार म्हटला की एक बाजू शून्याजवळ असताना दुसरी कितीही भक्कम असून भागत नाही. महाराष्ट्रात २००० सालापासून इंग्रजी पहिलीपासून शिकवले जाते. तरी ज्या मुलांच्या घरात ती भाषा कानावरच पडत नाही, त्यांची ही दुसरी बाजू दुबळी राहते. बोलणारे डिजिटल गोष्टीचे पुस्तक उपयोगी पडू शकते ते इथे.

विहिरीवर पाणी काढणाऱ्या एका मुलीच्या गोष्टीतले एक पान घेऊ. आवाज म्हणतो, ‘द रोप स्नॅप्ड’. त्याच क्षणी ‘स्नॅप्ड’ हा शब्द रंगाने उजळतो आणि चित्रातला दोर तुटून पोहरा खाली जातो. अक्षर, उच्चार आणि घटना एकाच वेळी समोर आल्याने मुलाला भाषांतराची गरजच उरत नाही. आता त्याच पानाच्या कोपऱ्यात बोट लावताच ओरडणारा कावळा बसवा. मूल चार वेळा कावळ्याला बोट लावेल आणि दोर का तुटला, हे विसरून जाईल, कारण एका वेळी मनात धरून ठेवता येणाऱ्या गोष्टी मोजक्याच असतात.

फुरेनेस, कुचिर्कोव्हा आणि बस या संशोधकांनी २०२१ मध्ये आठ वर्षांपर्यंतच्या मुलांवरील ३९ अभ्यासांचा एकत्रित आढावा घेतला, त्यातही हाच फरक दिसतो. छापील पुस्तकच जवळपास जसेच्या तसे पडद्यावर आणले, तर आकलनात कागद सरस ठरला. मात्र पडद्यावरची भर कथेच्या आशयाशी जोडलेली असली, तर डिजिटल पुस्तक पुढे गेले. शब्दाचा अर्थ सांगणाऱ्या शब्दकोशाने शब्दसंग्रह वाढला, परंतु गोष्ट समजण्यास त्याची मदत झाली नाही, काही वेळा अडथळाच झाला. गोष्टीचा धागा दर ओळीला तुटत असेल, तर हे स्वाभाविकच म्हणावे लागेल, आणि म्हणून शब्दार्थ दुसऱ्या वाचनासाठी राखून ठेवावेत, असे मला वाटते.

‘प्रथम बुक्स’ या प्रकाशन संस्थेच्या ‘स्टोरीवीव्हर’ या मुक्त संकेतस्थळावर अशी बोलणारी पुस्तके आहेत, शिवाय अनेक गोष्टी मराठीतही असल्याने आधी मराठीत समजलेली गोष्ट मग इंग्रजीत ऐकता येते. वर सांगितलेल्या आढाव्यातली आणखी एक नोंद पालकांसाठी फार मोलाची आहे : मुलाने एकट्याने पाहिलेल्या सजवलेल्या डिजिटल पुस्तकापेक्षा मोठ्या माणसाने सोबत बसून वाचलेले साधे छापील पुस्तक अधिक परिणामकारक ठरले. पोहरा खाली गेल्यावर पडदा क्षणभर थांबवून ‘आता ती पाणी कसं काढेल?’ असे आईने मराठीत विचारले, तरी मूल पुढचे इंग्रजी वाक्य त्याच उत्तराच्या शोधात ऐकते.