पृष्ठताण : स्वयंपाकघरातून आलेलं मोजमाप

बारावीच्या प्रॅक्टिकलला पाण्याचा पृष्ठताण, म्हणजे पाण्याचा पृष्ठभाग स्वतःला आवळून धरतो तो ताण, काढायचा म्हणजे केशनळी आणि सूक्ष्मदर्शक. नळी जितकी बारीक तितकं पाणी उंच चढतं, हा नियम जेम्स ज्यूरिनने १७१८ मध्ये मांडला. मुंबईत अशी नळी प्रिन्सेस स्ट्रीटला मिळते. पण घरी मोजायचं असेल, तर आधी आग्नेस पॉकेल्सची ओळख करून घ्यायला हवी.

जन्म १८६२, राहणार जर्मनीतल्या ब्राउनश्वाइगची. मुलींना विद्यापीठात प्रवेश नव्हता, त्यामुळे घर आणि आजारी आईवडील हेच तिचं क्षेत्र. धाकटा भाऊ भौतिकशास्त्र शिकायला लागला, त्याच्याकडून तिला पुस्तकं मिळत. खरकट्या पाण्याचा पृष्ठभाग वेगळा वागतो हे तिने भांडी घासताना हेरलं. मग पत्र्याचं पसरट भांडं काठोकाठ भरून त्यावर आडवी पट्टी ठेवली. पट्टी सरकवली की पृष्ठभाग हवा तेवढा लहान-मोठा करता येई. तराजूला टांगलेली बटणाएवढी चकती पाण्यावरून उचलायला किती जोर लागतो, ते ती मोजे. मळकट पृष्ठभाग आवळत नेला, तर एका मर्यादेपर्यंत ताण जवळपास तसाच राहतो आणि मग झपाट्याने उतरतो, हे तिला दिसलं. जानेवारी १८९१ मध्ये तिने इंग्लंडमधले भौतिकशास्त्रज्ञ लॉर्ड रॅले यांना पत्र लिहिलं. त्यांनी ते ‘नेचर’ या विज्ञान नियतकालिकाला पाठवलं आणि मार्चमध्ये ते छापून आलं. पुढे अमेरिकी रसायनशास्त्रज्ञ अर्व्हिंग लँगम्यूर यांनी हीच पद्धत सुधारून वापरली आणि पृष्ठभागाच्या रसायनशास्त्रासाठी १९३२ चं नोबेल मिळवलं. पॉकेल्सबाईंना त्याच वर्षी मानद डॉक्टरेट मिळाली, सत्तरीत. फार उशिरा.

स्वतः रॅले यांनी १८९० मध्ये कापूर वापरला होता. देवघरातल्या कापराचा कण स्वच्छ पाण्यावर टाका, तो गरगर फिरत राहतो. खोबरेल लागलेलं बोट पाण्याला टेकवा, की कण जागीच थांबतो. कापराला थांबवणारा तेलाचा थर जेमतेम दीड-दोन नॅनोमीटरचा असतो, असं त्यांनी काढलं होतं. मोजायला बसण्याआधी वाटी खरोखर स्वच्छ आहे का, हे तपासायला मला याहून चांगली युक्ती माहीत नाही.

प्रत्यक्ष मोजायला सर्वांत सोपी रीत थॉमस टेट यांची, १८६४ ची : थेंबाचं वजन करायचं. ताण जितका जास्त, तितका टोकावरून सुटणारा थेंब जड. सोनाराकडे असतो तसा ०.०१ ग्रॅमचा काटा आणि एक सिरिंज पुरे. एक थेंब कसाबसा ०.०५ ग्रॅमचा, म्हणून शंभर थेंब सावकाश पाडून एकत्र तोलावेत. थेंबाचा काही भाग टोकालाच चिकटून राहतो, त्यामुळे थेट हिशेब चुकतो. हार्किन्स आणि ब्राउन यांनी १९१९ मध्ये त्यासाठी दुरुस्तीचे आकडे दिले. घरी त्याच सिरिंजने आधी शुद्ध पाणी, मग साबणाचं पाणी तोलून वजनांचं प्रमाण काढलं आणि त्याने पाण्याच्या पृष्ठताणाला गुणलं तरी उत्तर बरंच जवळ येतं. पाण्याचा आकडा मात्र पुस्तकातला ७२.८ मिलिन्यूटन प्रति मीटर घेऊ नये. तो २० अंशांचा आहे. मुंबईच्या ३० अंशांना ७१.२ धरावा.