फोन हरवला? आधी आम्हाला कळवा, सिम नंतर बंद करा

ऑफिसचा मेल लोकांच्या फोनवर जोडून देणं आणि सांभाळणं हे आमचं काम. फोन हरवल्याचे कॉल आम्हाला येतात, ते साधारण एकाच वाक्याने सुरू होतात. "परवा आमच्या एका मुलाचा फोन चोरीला गेला. सिम लगेच बंद केलं. आता नव्या फोनवर ऑफिसचा मेल चालू करून द्या." परवा! म्हणजे दोन दिवस ऑफिसचा मेल आणि ग्राहकांच्या याद्या कुणाच्या हातात होत्या, देव जाणे.

सिम बंद केल्याने नंबर बंद होतो, फोन नाही. वायफाय मिळालं की मेल पुन्हा येऊ लागतो. आमची अडचण आणखी वेगळी. फोनमधला ऑफिसचा डेटा आम्ही दुरून पुसतो, पण तो आदेश पोचायला फोनवर इंटरनेट चालू असावं लागतं. सिमसोबत मोबाइल डेटाही गेला, की आदेश ताटकळत बसतो. म्हणून आधी आम्हाला सांगा. आदेश सुटला, की त्याच मिनिटाला सिम बंद करा. ते मात्र टाळू नका, ओटीपी त्याच नंबरवर येतात.

नुसता पासवर्ड बदलूनही भागत नाही. काही ॲपमध्ये जुनं लॉगिन तसंच चालू राहतं. ते सर्व्हरवरून तोडावं लागतं.

"मग आमचे खासगी फोटो तुम्हाला दिसतात का?" नाही. अँड्रॉइडमध्ये २०१४ पासून वर्क प्रोफाइलची, म्हणजे ऑफिससाठी फोनमध्येच वेगळ्या कप्प्याची, सोय आहे. ब्रीफकेसचं छोटं चिन्ह असलेली ॲप तेवढी ऑफिसची. आम्ही पुसतो तो तोच कप्पा. घरचे फोटो, गप्पा जागच्या जागी राहतात.

सुरक्षा अपडेट बंद झालेला जुना फोन आम्ही जोडून देत नाही, यावरून कुरकुर होते. होऊ दे. घरच्या कॉम्प्युटरचंही तेच. लास्टपास ही तर पासवर्ड सांभाळणारीच कंपनी. २०२२ मध्ये तिच्या एका इंजिनिअरच्या घरच्या कॉम्प्युटरवर मीडिया सॉफ्टवेअरमधल्या त्रुटीतून की-लॉगर, म्हणजे टाइप केलेलं सगळं टिपणारा प्रोग्राम, बसवला गेला आणि त्याचा मास्टर पासवर्ड, म्हणजे बाकी पासवर्ड उघडणारी किल्लीच, चोरांच्या हाती लागला.

नवीन माणूस रुजू झाला, की पहिल्याच दिवशी त्याला फोनसकट आमच्याकडे पाठवा. वार्षिक करार असेल तर प्रोफाइल बसवण्याचे आणि पुसण्याचे वेगळे पैसे नाहीत. आणि आमचा नंबर कागदावर लिहून ऑफिसच्या भिंतीवर चिकटवा. बहुतेकांकडे तो हरवलेल्या फोनमध्येच असतो.