गावाला फोन आला, वाडीला नाही

कोकणातल्या वाडीवर गेलात की मोबाइल कुठे ठेवायचा ते घरचेच दाखवतात. पडवीच्या खिडकीत, डावीकडच्या गजाला पिशवीत टांगून. रेंज तिथेच येते, तीही एकाच कंपनीची.

आपल्याकडे फोनचा हिशेब पहिल्यापासून 'गाव' धरून झाला, घर धरून नाही. १९८४ मध्ये सी-डॉट हे सरकारी दूरसंचार संशोधन केंद्र निघालं आणि त्यांनी एसीशिवाय चालणारं छोटं ग्रामीण एक्स्चेंज बनवलं. पहिलं १९८६ मध्ये कर्नाटकात कित्तूरला बसलं. काम खरंच मोठं होतं. पण सरकारी उद्दिष्ट ठरलं ते गावागणिक एक सार्वजनिक फोन. १९९४च्या धोरणाने त्यासाठी १९९७ची मुदत घातली, ती हुकली. जिथे फोन आला, तिथे तो किराणा दुकानात किंवा सरपंचांच्या ओटीवर बसला आणि कागदावर गाव जोडलं गेलं.

२००२ मध्ये कंपन्यांच्या महसुलातून ग्रामीण सेवेसाठी वेगळा निधी सुरू झाला. २०११ मध्ये ऑप्टिकल फायबरची योजना मंजूर झाली, तिचंच पुढे भारतनेट झालं. उद्दिष्ट सुमारे अडीच लाख ग्रामपंचायतींचं. म्हणजे पुन्हा तेच! देशावर गावठाण एका जागी असतं, तिथे पंचायतीपासून घर दोन गल्ल्यांवर. कोकणात एका पंचायतीखाली डझनभर वाड्या, मध्ये वहाळ, सडा, आंब्याच्या बागा. फायबर कचेरीत येऊन थांबते. पुढची वायर चाळीस घरांसाठी कोण ओढणार?

जुनी तांब्याची तार होती, ती रस्ता रुंदीकरणात ठिकठिकाणी तुटली. जोडायला लाइनमन हवा, तर २०२० मध्ये बीएसएनएलचे सुमारे ७८ हजार कर्मचारी एकदम स्वेच्छानिवृत्त झाले. खासगीत २०१६ला जिओ आली, डेटा स्वस्त झाला. पण दोन वर्षांत एअरसेल बुडाली, व्होडाफोन-आयडिया एक झाल्या. शहरात तरीही निवड उरली. डोंगरात टॉवर मुळातच एका कंपनीचा, मग सिमची निवड कसली?

२०२३च्या सुधारित भारतनेटमध्ये घरापर्यंतची जोडणी स्थानिक उद्योजकाने द्यायची आणि कमाईत वाटा घ्यायचा, असं ठरलंय. वाडीतली निम्मी घरं कुलूपबंद. चाकरमानी येतात गणपतीत, तेव्हा सगळ्यांना वायफाय हवं असतं. अनंत चतुर्दशीनंतर महिन्याचं बिल कोण भरणार, एवढंच त्या उद्योजकाला विचारायचंय.