चार्जिंगची बॅटरी का बसते?

मृगाच्या तोंडावर हार्डवेअरच्या दुकानात हमखास ऐकू येतं, "चार्जिंगची नको, सेलचीच बॅटरी दाखवा. मागची चार्जिंगची वर्षभरसुद्धा टिकली नाही." (इथे बॅटरी म्हणजे टॉर्च, पुस्तकी भाषेत विजेरी. शहरातल्या वाचकांचा गोंधळ नको, म्हणून पुढे विजेरीच म्हणतो.) बोलणारा खोटं बोलत नसतो. रात्रपाळीच्या लाईटवर दारं धरायला, म्हणजे पिकाला पाणी द्यायला जाणाऱ्याला पायाखाली उजेड लागतो. मण्यार रात्रीच बाहेर पडते, आणि बांधावर मध्येच दिवा गेला तर काय होतं हे त्याला तुमच्या-माझ्यापेक्षा जास्त ठाऊक असतं. त्याची तक्रार खरी आहे, पण ती भलत्याच्या नावावर जमा होते.

बुडाशी दोन पिनांचा प्लग बाहेर येतो ती स्वस्त विजेरी उघडून पाहिली, तर आत बहुतेक वेळा ४ व्होल्टची शिशाची, म्हणजे लेड-ॲसिड बॅटरी निघते. ट्रॅक्टरच्या बॅटरीची ही धाकटी बहीण. गास्तों प्लांते या फ्रेंच शास्त्रज्ञाने १८५९ मध्ये तयार केलेल्या बॅटरीचंच हे बंदिस्त रूप. वीज खर्च होते तसा आतल्या पट्ट्यांवर लेड सल्फेटचा थर चढतो. लगेच चार्ज केलं तर तो निघून जातो. पण विजेरी उतरलेल्या अवस्थेत महिनोन् महिने पडून राहिली, की त्याच थराचे मोठे, टणक स्फटिक होतात आणि मग कितीही चार्ज करा, ते हलत नाहीत. शिशाची बॅटरी वापरून जेवढी मरते, त्याहून जास्त रिकामी ठेवून मरते. आणि आपण तिला नेमकं तसंच ठेवतो. पावसाळाभर वापरली, उतरली, दिवाळीनंतर कोनाड्यात गेली, ती पुढच्या जूनमध्येच आठवली.

शिवाय अशा विजेरीतला चार्जर पुष्कळदा नावापुरताच असतो. एक कपॅसिटर, चार डायोड, संपलं. बॅटरी भरली तरी तो थांबत नाही. रात्रभर लावून ठेवली तर आतलं पाणी हळूहळू आटतं. घरातल्या २३० व्होल्टपासून त्याला आडोसाही नसतो. म्हणून तडा गेलेली अशी विजेरी प्लगला लावूच नये, आणि लावलेली असताना उघडायचं धाडस तर मुळीच करू नये.

आता सेल. लेक्लांशेने १८६६ मध्ये शोधलेल्या ओल्या सेलचं कोरडं रूप म्हणजे आपला नेहमीचा सेल. बाहेरचं भांडं जस्ताचं, मधोमध कार्बनची कांडी, भोवती काळा मसाला. मसाल्यात मँगनीज डायऑक्साइड, कार्बनची पूड आणि नवसागर किंवा झिंक क्लोराइडचा ओलावा. यातली गंमत अशी की जस्ताचं भांडं हेच इंधन असतं. घराच्या भिंतीच चुलीत घालून स्वयंपाक करावा, तसला प्रकार. वीज घेत जावी तसं भांडं आतून झिजतं, शेवटी भोक पडतं आणि सेल गळतो. विजेरीची स्प्रिंग गंजून जाते ती त्यामुळेच.

उतरलेले सेल उन्हात ठेवून पुन्हा वापरायची युक्ती घरोघरी होती, आणि ती अंधश्रद्धा नव्हती. उष्णतेने आतली रासायनिक क्रिया थोडी वेग घेते, विश्रांतीने मसाल्यातली कोंडी थोडी सुटते आणि व्होल्टेज तात्पुरतं सावरतं. उन्हाने सेल भरत मात्र नाही. तळाशी चिकटलेली आमटी पळीने खरवडून घ्यावी, तेवढंच.

खर्चाचा हिशेब मी रुपयांऐवजी युनिटमध्ये मांडतो, म्हणजे डोळे उघडतात. एका चांगल्या अल्कलाइन, म्हणजे नेहमीच्या सेलपेक्षा जास्त टिकणाऱ्या पेन्सिल सेलमध्ये साधारण ३ वॅट-तास ऊर्जा असते. घरच्या मीटरवरचं एक युनिट म्हणजे १,००० वॅट-तास. म्हणजे एक युनिट वीज सेलच्या रूपात घ्यायची तर तीनशेहून जास्त सेल लागतील. सेल १५ रुपयांना धरला, तरी युनिटचा भाव ५,००० रुपयांच्या घरात जातो! असं बिल आलं तर आपण वीज कार्यालयावर मोर्चा नेऊ. सेलच्या बाबतीत मात्र दुकानदाराला सुटे पैसे मागून घरी येतो. त्याउलट चार्जिंगचा एक लिथियम सेल, त्यात साधारण १० वॅट-तास मावतात असं धरलं, तर चार्जरमधली गळती जमेस धरूनही एका युनिटमध्ये सत्तरएक वेळा भरतो.

तेव्हा रोज विजेरी हातात घेणाऱ्याने लिथियमचीच घ्यावी, हे माझं स्पष्ट मत. लिथियम-आयन बॅटरी १९९१ मध्ये सोनीने बाजारात आणली, आणि तिच्यामागच्या संशोधनासाठी गुडइनफ, व्हिटिंगहॅम आणि योशिनो यांना २०१९ चं नोबेल मिळालं. विजेरीत बहुधा १८६५० नावाचा सेल असतो: १८ मिलिमीटर व्यास, ६५ मिलिमीटर लांबी, आणि शेवटचं शून्य गोल नळकांड्याचं. त्याच्या वेष्टनावर ९,८०० एमएएच असं छापलेलं दिसलं तर खुशाल हसावं. या मापाच्या चांगल्या सेलची क्षमता ३,५०० च्या आसपास असते. अस्सल सेलचं वजन ४५ ग्रॅमच्या आगेमागे भरतं. हातात घेतल्यावर पोकळ, हलका वाटला तर तो परत करावा.

लिथियमच्या विजेरीची एक खोड मात्र शेतावर महागात पडू शकते. साधा सेल उतरताना सांगून उतरतो. उजेड पिवळा होतो, मंदावतो, आणि घराकडे वळायला वेळ देतो. लिथियमचं व्होल्टेज बराच काळ फारसं ढळत नाही. चांगल्या विजेरीतलं सर्किट उजेड एकसारखा ठेवतं आणि सेल फार रिकामा होऊ नये म्हणून शेवटी पटकन पुरवठा तोडतं. त्यामुळे रात्री निघण्याआधी चार्ज पाहून घ्यावा, नाहीतर खिशात भरलेला दुसरा सेल असावा. बरेच दिवस लागणार नसेल तर ती अर्धी भरून, थंड जागी ठेवावी. पूर्ण भरलेली विजेरी उन्हातल्या गाडीत टाकून देण्यासारखा दुसरा छळ नाही. फुगलेला सेल मात्र पुन्हा चार्जिंगला लावू नये आणि घंटागाडीतही टाकू नये. दाबला गेला तर पेट घेतो. २०२२ च्या नियमांनुसार जुन्या बॅटऱ्या परत गोळा करण्याची जबाबदारी उत्पादकांवर आहे. दुकानदाराला तसं विचारायला लाजू नये.

मग साध्या सेलला काही जागा उरते का? उरते. ३ जून २०२० ला निसर्ग चक्रीवादळ अलिबागजवळ किनाऱ्यावर आलं, तेव्हा कोकणातल्या अनेक गावांत कित्येक दिवस वीज नव्हती. प्लगच मेला असेल तर चार्जिंगचं कौतुक काय करायचं? चांगला अल्कलाइन सेल न वापरता वर्षानुवर्षं बहुतांश शक्ती राखून राहतो. महिन्यातून दहा मिनिटं लागणाऱ्या विजेरीला तो महागही पडत नाही, कारण एलईडीने गणितच बदललंय. जुना पिवळा बल्ब खाल्लेली बहुतेक वीज उष्णतेत उडवायचा, एलईडी तेवढ्याच विजेत कितीतरी पट उजेड देते.

मधला मार्गही आहे. निकेल-मेटल हायड्राइडचे पेन्सिल सेल वेगळ्या चार्जरवर भरता येतात आणि पुष्कळशा जुन्या विजेऱ्यांत तसेच बसतात. पूर्वी ते पडून पडून आपोआप उतरायचे; २००५ मध्ये सान्योने हळू उतरणारे सेल आणले आणि ती तक्रार बरीच मिटली. त्यांचं व्होल्टेज १.२ असतं, म्हणून उजेड किंचित कमी वाटतो, इतकंच.

कोनाड्यातल्या विजेरीतले साधे सेल काढून शेजारी पिशवीत ठेवावेत, म्हणजे गळले तरी स्प्रिंग वाचते. ते अंधारात चाचपडत बसवायची तालीम एकदा दिवसाउजेडी, डोळे मिटून करून बघा. दोनातला एक सेल हमखास उलटा जातो.