अर्कासोबत नुसत्या द्रावकाची कुपी का मागतो?

वनस्पतींचे अर्क यकृताच्या पेशींतल्या डीएनएला विषारी रसायनांपासून किती वाचवतात, हे आम्ही कॉमेट चाचणीने तपासून देतो. चाचणी तुमच्या ओळखीची आहेच. डीएनए शाबूत असेल तर सूक्ष्मदर्शकाखाली गोल ठिपका चमकतो, तुटला असेल तर त्याला शेपटी फुटते. शेपटी आखूड दिसली की अर्क लागू पडला, असं आपण धरून चालतो.

घोळ इथेच होतो. बहुतेक जण अर्क डीएमएसओ (डायमिथाइल सल्फॉक्साइड) या द्रावकात विरघळवून पाठवतात, पण नुसत्या डीएमएसओची कुपी पाठवत नाहीत. विष म्हणून हायड्रोजन पेरॉक्साइड वापरलं, तर त्यापासून पेशीत तयार होणारे हायड्रॉक्सिल रॅडिकल (अतिशय क्रियाशील कण) डीएनए तोडतात, आणि डीएमएसओ स्वतःच त्यांना टिपतं. मीडियममध्ये, म्हणजे पेशी ज्या द्रवात वाढवतात त्यात, अर्धा टक्का डीएमएसओ म्हणजे सुमारे ७० मिलिमोलर. तुमचं करक्युमिन (हळदीतलं पिवळं द्रव्य) असतं १० मायक्रोमोलर. म्हणजे त्याच्या एका रेणूमागे द्रावकाचे ७,०००! मग डीएनए कोणी वाचवला, हे सांगायचं कसं?

एका संशोधक विद्यार्थिनीच्या पाच कुप्या आल्या होत्या, चढत्या डोसच्या. पाचही स्लाइडवर शेपट्या सारख्याच आखूड. डोस दसपट झाला तरी फरक नाही, तेव्हा शंका आली. द्रावक मागवून सगळं पुन्हा लावलं, तर नुसत्या डीएमएसओनेही शेपटी तेवढीच आखडली. तिचे तीन आठवडे वाया गेले, याचं आम्हालाही फार वाईट वाटलं. तेव्हापासून ही कुपी हाती आल्याशिवाय आम्ही काम सुरू करत नाही. काहींना ही अडवणूक वाटते, पण परीक्षक पहिला प्रश्न हाच विचारतात.

द्रावक त्याच बाटलीतलं पाठवा, आणि प्रत्येक डोसमध्ये त्याचं प्रमाण सारखंच ठेवा. ही कुपी तुमच्या नमुन्यांसोबत एकाच वेळी लावतो, तिचं वेगळं शुल्क घेत नाही.

विष म्हणून पॅरासिटामॉल किंवा कार्बन टेट्राक्लोराइड घेणार असाल तर जास्त जपा. सीवायपी२ई१ हे एन्झाइम त्यांना घातक रूप देतं आणि डीएमएसओ त्याच एन्झाइमला आवर घालतं. शिवाय हेपजी२ या प्रयोगशाळेत वाढवल्या जाणाऱ्या मानवी यकृत-कर्करोगाच्या पेशींत हे एन्झाइम मुळातच फार कमी असतं, त्यामुळे अशा कामाला या पेशी आम्ही सुचवत नाही.

अर्क तोलण्याआधी एक फोन करा. कोणतं विष, कोणत्या पेशी, द्रावक किती, हे आधी ठरवून घेऊ. या सल्ल्याचे पैसे लागत नाहीत.